सत्तावीस नंबरचा पाय

दान म्हणून आलेली वस्तू ते परत पाठवायचे, आणि परत पाठवताना चिठ्ठी द्यायचे. ऑफिसच्या फॉर्मसारखी छापील चिठ्ठी. वर अनुक्रमांक, खाली तारीख, मधे नाकारण्याच्या कारणाचा रकाना आणि त्यात निळ्या शाईतलं त्यांचं नीटस मराठी अक्षर. दोह्यातली मराठी माणसं दानधर्मात मागे नाहीत. पण दिलेलं दान परत घरी येऊन दारात उभं राहतं, हा अनुभव आमच्या मंडळातल्या निम्म्या घरांना त्यांनीच पहिल्यांदा दिला.

मी त्या वेळी मंडळाचा सचिव होतो. हे आधीच सांगून ठेवतो. पुढे जे सांगायचं आहे त्यात ते येणार आहे, आणि तिथे पोचेपर्यंत माझा धीर टिकेल की नाही ते ठाऊक नाही.

त्यांना सगळे चाचा म्हणायचे. रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. साठीला आलेले, किरकोळ अंगाचे, कायम पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि खिशात दोन पेनं. दोह्यातल्या बिन महमूद भागात चौघांत मिळून घेतलेल्या एका खोलीत राहायचे. गावाकडे बायको, चार मुलं, तीन नातवंडं. पण कुटुंब इथे नाही म्हणून इथल्या भाषेत ते 'बॅचलर'. तीस वर्षं बॅचलर. "आमच्या बॅचलरपणाला नातू झाला," असं एकदा त्यांनीच पेढा देताना सांगितलं होतं.

आमच्या कंपनीत ते डॉक्युमेंट कंट्रोलर होते. गॅसच्या प्रकल्पात एका पाइपचं ड्रॉइंग सात-आठ वेळा बदलतं. प्रत्येक बदलाला नवा रिव्हिजन नंबर मिळतो. जुनी प्रत साइटवर कुणाच्या तरी हातात राहिली आणि त्याने तीवरून काम केलं, की बांधलेलं कापून काढावं लागतं. म्हणून एक माणूस नुसता कागदांवर पहारा ठेवायला बसवलेला असतो. मूळ प्रत त्याच्याकडे. बाकीच्यांना त्याच्या शिक्क्याची प्रत, तीही सही करून. चाचांची एक खिडकी होती, खिडकीमागे लोखंडी कपाटं, आणि खजुराच्या एका जुन्या डब्यात अकरा रबरी शिक्के. मी पायपिंग इंजिनियर. दिवसातून चार वेळा त्या खिडकीशी उभा राहायचो.

"चाचा, पंप हाऊसचं ड्रॉइंग द्या."

"रिव्हिजन कुठली?"

"जी असेल ती."

"जी असेल ती रद्दीच्या दुकानात मिळते, इंजिनियरसाहेब."

'रिव्हिजन कुठली?' हे ते कशालाही विचारायचे. कुणी म्हणालं, पगारवाढ होणार आहे, की रिव्हिजन कुठली. कुणी म्हणालं, माझी बायको माझ्यावर चिडली आहे, तरी तेच. आम्ही हसायचो. एकदा माझ्या आईला नाशकात दवाखान्यात हलवल्याचा निरोप आला आणि मी कॉरिडॉरमध्ये हातपाय गाळून उभा होतो, तेव्हाही त्यांनी तेच विचारलं. मला राग आला. ते म्हणाले, "निरोप कधीचा आहे? कालचा असेल तर आजचा घ्या. घरचे आपल्याला नेहमी जुनी रिव्हिजन पाठवतात." मी फोन केला. आई उठून चहा पीत होती. त्यानंतर मी त्यांच्या प्रश्नाला हसणं थोडं कमी केलं.

ऑफिसच्या फाटकावर जोसेफ नावाचा सुरक्षारक्षक होता. केनियाचा, पश्चिमेकडच्या एका खेड्यातला. उंच, हळू बोलणारा, उन्हात उभं राहूनही शर्टाची घडी न मोडणारा. त्याची आत्या गावात अनाथ मुलांना सांभाळायची. एकेचाळीस मुलं, दोन पत्र्याच्या खोल्या, एक गाय. आम्ही सगळे रोज त्याला 'गुड मॉर्निंग जोसेफ' म्हणायचो, आणि आपण माणसांशी किती चांगले वागतो असं वाटून लिफ्टकडे जायचो. चाचा रोज दोन मिनिटं थांबायचे. त्यातूनच त्यांना कळलं की त्या गावच्या शाळेत काळे चामड्याचे बूट लागतात. बूट नसलेल्या मुलाला फाटकातून परत पाठवतात. म्हणजे आत्याच्या मुलांना शाळा होती, फी माफ होती, पुस्तकं जुनी का होईना होती. अडत होतं ते पायात.

पैसे गोळा करायचे नाहीत, हे चाचांनी पहिल्याच दिवशी ठरवलं. परवानगीशिवाय वर्गणी मागणं इथल्या कायद्यात बसत नाही, आणि बसलं असतं तरी त्यांनी पैशाला हात लावला नसता. जोसेफ सुट्टीवर जाताना आपल्या बॅगेतून आत्याकडे भेट नेणार, एवढंच. पहिली भेट चाचांनी स्वतः विकत घेऊन त्याच्याकडे दिली. आत्याने फोनवर मुलांची वयं सांगितली होती, त्यावरून अकरा जोड. सात जोड कुणालाच बसले नाहीत.

ह्याचा त्यांना जो धक्का बसला तो मी पाहिला आहे. आमच्याकडे एकदा व्हॉल्व्ह उलटा बसला होता तेव्हा प्रोजेक्ट मॅनेजरचा चेहरा तसा झाला होता. "ड्रॉइंगशिवाय बांधकाम केलं मी," ते दोन दिवस सांगत होते. "तीस वर्षं लोकांना शिव्या घातल्या, आणि स्वतः काय केलं? ड्रॉइंगशिवाय."

पुढच्या सुट्टीहून जोसेफ येताना एक गुंडाळी घेऊन आला. आत्याने एकेका मुलाला कागदावर उभं करून पेन्सिल फिरवली होती. परीक्षेच्या उत्तरपत्रिका, सिमेंटच्या पिशवीचा कागद, कॅलेंडरची मागची बाजू. आणि प्रत्येकावर एक पाय. काहींवर पेन्सिल करंगळीशी अडखळली होती. एकावर अंगठ्याचा मातीचा ठसाच उमटला होता.

चाचांनी त्या पायांना नंबर दिले, एक ते एकेचाळीस. प्रत्येकावर 'रिव्हिजन शून्य' असा शिक्का मारला. मग प्रती काढायला घेतल्या तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की ऑफिसचं झेरॉक्स मशीन प्रत किंचित लहान काढतं. आम्ही सगळे वर्षानुवर्षं ते मशीन वापरत होतो. चाचांनी दोन संध्याकाळी त्या मशीनशी भांडण केलं, शेवटी प्रत्येक मूळ कागदावर दहा सेंटिमीटरची रेघ ओढली, आणि प्रतीवर ती रेघ पट्टीने दहा भरेपर्यंत मशीनला सोडलं नाही.

नाव कुणाचंच लिहिलं नाही. मंडळात लोकांनी विचारलं, फोटो आहेत का, मुलगा की मुलगी, गोष्ट काय आहे त्याची.

"नाव कळलं की लोक नावाला देतात," चाचा म्हणाले. "बूट पायात घालायचा असतो."

त्याच्या आधी मंडळाने आपल्या परीने मदत केली होती ती सांगायला हवी. गणपतीनंतर आम्ही 'आफ्रिकेतील अनाथ बालकांसाठी' असं आवाहन केलं आणि अकरा मोठ्या पिशव्या जमल्या. त्यात टिकल्यांचा घागरा होता, तीन कोट होते, बर्फात घालायचं एक जाकीट होतं, स्नेहसंमेलनातला मावळ्याचा पोशाख आणि अर्धी संपलेली अत्तराची बाटली होती. चाचांनी सगळं उलगडून पाहिलं आणि एकूणएक वस्तू ज्याच्या त्याच्या दारात नेऊन दिली, चिठ्ठीसकट. घागऱ्याच्या मालकीणबाई दारातच कडाडल्या, "चाचा, गरिबांनी असे नखरे करून कसं चालेल हो?"

"ते करत नायत, बाई," चाचा नम्रपणे म्हणाले. "मी करतोय."

तर ते पाय वाटायचा दिवस. एकेकाने एक पाय घ्यायचा आणि त्या मापाचे बूट आणून द्यायचे. दिवाळीचा कार्यक्रम, एका शाळेचं सभागृह भाड्याने घेतलेलं, अल खोर आणि दुखानहूनही लोक गाड्या काढून आलेले. सचिव म्हणून मी बोललो. नऊ मिनिटं बोललो. पावलांचे ठसे, लक्ष्मीची पावलं, जगाच्या दुसऱ्या टोकाची चिमुकली पावलं, असं करत करत मी समोरच्या दोन रांगांना रडवलं, आणि सांगायला लाज वाटते, मीही रडलो. माझं भाषण चालू असताना चाचा मागे एका टेबलापाशी रजिस्टर उघडून बसले होते. भाषण संपल्यावर पहिला पाय मी घेतला. सत्तावीस नंबर. टाळ्या वाजल्या. चाचांनी सही घेतली आणि म्हणाले, "तीन आठवडे. काळा, चामड्याचा, नाडीचा. अंगठाभर जागा सोडून. घडी नाय घालायची कागदाला. आणि उशीर नको. पाय थांबत नायत."

घरी आल्यावर मी तो कागद फ्रीजवर चुंबकाने लावला. बायकोने विचारलं, "हा कोण?"

"सत्तावीस," मी म्हणालो.

"आधी ह्या घरातल्याचे बूट बघ. तुझ्या लेकाचे अंगठ्याशी फाटलेत."

पहिला आठवडा प्लांट दुरुस्तीला बंद ठेवतात त्या शटडाउनमध्ये गेला. दुसऱ्या आठवड्यात मेहुणा सहकुटुंब आला. त्यांना वाळवंट दाखवलं, उंट दाखवला. कागद रोज दिसत होता. रोज दिसणारी वस्तू दिसेनाशी होते, हे मला तेव्हा कळलं. तिसऱ्या आठवड्यात गुरुवारी संध्याकाळी मी फ्रीजसमोर उभा राहिलो आणि चुंबकाखाली काहीच नव्हतं. मग आठवलं. सोमवारी वाणसामानाला जाताना घाईत मीच तो कागद ओढून पाठीमागे लिहिलं होतं: दही, कोथिंबीर, रवा, झुरळांचा स्प्रे. सामान घेतलं आणि कागद ट्रॉलीत सोडला.

जोसेफचं विमान शनिवारी होतं. बूट शुक्रवारी द्यायचे होते.

मूळ प्रत चाचांकडे होती. एक फोन केला असता तर पाच मिनिटांत दुसरी प्रत मिळाली असती. वर्षानुवर्षं ज्या माणसाकडून मी दिवसातून चार वेळा प्रती घेतल्या, त्याच्याकडे पाचवी मागायची एवढंच होतं. पण त्यांनी विचारलं असतं, पहिली काय झाली? आणि मला सांगावं लागलं असतं, की चिमुकल्या पावलावर मी झुरळांचा स्प्रे लिहिला.

मी एक कोरा कागद घेतला आणि मुलाला हाक मारली. तो तेव्हा नऊ-दहा वर्षांचा होता.

"ह्यावर उभा राहा. अनवाणी."

"व्हाय?"

"एक प्रोजेक्ट आहे."

मी पेन्सिल फिरवायला लागलो तसा तो पाय आखडून खिदळला. "बाबा, इट टिकल्स!"

सत्तावीसचा पाय केवढा होता हे मला आठवत नव्हतं. लहान मुलाचा पाय, एवढंच. मी त्या कागदावर दहा सेंटिमीटरची रेघसुद्धा ओढली. खोट्या ड्रॉइंगला खरा स्केल. मग मॉलमध्ये गेलो आणि तिथले सगळ्यात महागडे काळे बूट घेतले. अपराधी माणूस हात सैल सोडून खरेदी करतो.

शुक्रवारी दुपारी चाचांच्या खोलीबाहेर जिन्यापर्यंत रांग होती. आत पलंगावर मूळ कागद पसरलेले, शेजारी सामान तोलायचा हातकाटा. ते प्रत्येक बुटातला आतला तळवा ओढून काढायचे आणि त्या नंबराच्या मूळ पायावर ठेवायचे. माझ्यापुढे एक पुण्याचे गृहस्थ होते, मोठ्या हुद्द्यावरचे. त्यांचा तळवा आखूड निघाला.

"चाचा, अहो अर्धा सेंटिमीटर! चामडं सैल होतं घालून घालून."

"साहेब, तुमच्या प्लांटमधला पाइप अर्धा सेंटिमीटर कमी आला तर काय करता?"

"तो पाइप आहे हो."

"तेच सांगतोय. पाइप ओरडत नाय. यल्ला, निघा, मॉल उघडा आहे." चिठ्ठी. गृहस्थ गेले.

माझा नंबर आला. चाचांनी तळवा काढला आणि सत्तावीसवर ठेवला. कागदावर जेमतेम सहा वर्षांच्या मुलाचा पाय होता. माझा तळवा त्याच्या दोन बोटं पुढे गेला होता. मी पाहिलं, त्यांनी पाहिलं, मागच्या माणसाने खांद्यावरून पाहिलं.

"वाढता पाय आहे," मी म्हणालो. "पुढचा विचार केला."

चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "रिव्हिजन कुठली?"

"तीच. तुम्ही दिलेली."

एवढंच माझं खोटं. तीन शब्दांचं. त्यांनी डब्यातून एक शिक्का उचलला, रजिस्टरात माझ्या नावापुढे मारला आणि बूट बाजूला ठेवले. मागच्या माणसाने हलक्या आवाजात म्हटलं, "सचिवांचं चालतं वाटतं." मी मागे न बघता जिना उतरलो.

जोसेफ गेला आणि महिन्याने परत आला. मी फाटकाशी थांबून विचारलं, "सगळ्यांना मिळाले?"

"ऑल, सर. आंटी इज व्हेरी हॅपी."

"सगळ्यांना बसले?"

"दे आर गोइंग टू स्कूल, सर. कमिंग होम, दे कॅरी द शूज ऑन देअर हेड. टू सेव्ह." तो हसला.

मी सत्तावीसचं विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. त्याऐवजी मी रोज एका सहा वर्षांच्या मुलाला शाळेच्या फाटकापाशी उभं करायचो. दोन बोटं मोठे बूट, आत कागदाचे बोळे, किंवा बूट नाहीतच, आणि फाटक बंद. सकाळी मुलाला शाळेच्या बसमध्ये चढवताना मला हे हमखास दिसायचं. मी मंडळाचं काम दुप्पट करू लागलो. लोक म्हणायचे, हा माणूस किती झटतो.

वर्षअखेरीस मंडळाने चाचांचा सत्कार ठरवला. शाल आणि श्रीफळ. ते आलेच नाहीत. दोन्ही घरी पाठवली तर शाल दुसऱ्या दिवशी परत आली. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'कतारात गरज नाही. नारळ वापरला, धन्यवाद.' शाल छान होती, वाया कशी घालवायची, म्हणून ती उपक्रमाचे प्रेरणास्थान म्हणून माझ्या खांद्यावर आली. तो फोटो अजून बायकोने बैठकीत लावला आहे. मी दोनदा काढला, तिने दोनदा परत लावला.

मी सांगायचा प्रयत्न केला. एकदा खिडकीशी गेलो. "चाचा, एक बोलायचं होतं." "लिहून द्या," ते शिक्का शोधता शोधता म्हणाले. एकदा फोनवर मोठा निरोप लिहिला आणि वाचून पाहिला. त्यात लक्ष्मीची पावलं पुन्हा आली होती. पुसून टाकला.

दोन वर्षांनी प्रकल्प संपला आणि चाचांचं परतीचं तिकीट निघालं. जाण्याच्या आधीच्या शुक्रवारी त्यांनी मला खोलीवर बोलावलं.

"हँडओव्हर घ्या. पाय आता तुमच्याकडे."

"माझ्याकडे कशाला? अहो, मंडळात कितीतरी—"

"तुम्ही सचिव. आणि तुम्ही उशीर करणार नाय आता."

हँडओव्हर सकाळी सुरू झाला तो दुपारच्या जेवणापर्यंत चालला. दर वर्षी आत्या नवे पाय काढून पाठवायची. नंबर तोच, रिव्हिजन पुढची. एक एक पाय मोजायचा, मी सही करायची. सव्वीस झाला. चाचांनी सत्तावीसची फाइल माझ्यापुढे सरकवली आणि मी पेन खाली ठेवलं.

"चाचा, मी त्या वेळी खोटं बोललो. कागद हरवला होता. तो पाय माझ्या मुलाचा होता."

"माहीत आहे. सही करा."

"माहीत आहे?"

"इंजिनियरसाहेब, तळवा दोन बोटं पुढे होता. मी काय आंधळा?"

"मग त्या पोराचं काय झालं?"

"काय व्हायचंय? संध्याकाळी मॉलला गेलो. सत्तावीसच्या मापाचे घेतले. जोसेफच्या बॅगेत तेच गेले. पोर शाळेत हाय."

दोन वर्षं फाटकाबाहेर उभं केलेलं ते मूल असं एका वाक्यात आत गेलं. मला हलकं वाटायला हवं होतं. मला आधी रागच आला.

"मग तुम्ही शिक्का का मारलात? बाकीच्यांचे परत केलेत. माझे घेतलेत."

त्यांनी रजिस्टर मागे उलटलं, ते पान काढलं आणि बोट ठेवलं. "वाचा."

"रिसीव्हड."

"रिसीव्हड. मिळाले. मिळालेच होते. अप्रूव्हडचा शिक्का वेगळा आहे. बाकी चाळीस बघा." चाळीस नावांपुढे अप्रूव्हड होतं. "एवढी वर्षं ड्रॉइंग घेऊन जाता आणि शिक्का वाचत नाय तुम्ही."

मग त्यांनी कपाटाच्या वरून एक खोका काढला. माझे बूट. तसेच, कोरे, नाड्यासकट. खोक्यावर चिठ्ठी, 'होल्ड.'

"चिठ्ठी लिहून परत का नाही दिलेत?" मी विचारलं.

"कारणाच्या रकान्यात खरं लिहावं लागतं. चारचौघांत तुमच्या हातात काय द्यायचं होतं ते?" त्यांनी सत्तावीसचे तीन पाय एकावर एक ठेवून उजेडाला धरले. शून्य, एक, दोन. आतला लहान, मग जरा मोठा, मग आणखी. झाडाच्या खोडात वर्षं दिसतात तसे. त्यावर त्यांनी माझ्या बुटाचा तळवा धरला आणि अंगठ्याने अंतर मोजलं. "अजून दोन वर्षं. पाय थांबत नायत. पोचेल तो तुमच्यापर्यंत. तेव्हा पाठवा."

मी सही केली. ते रविवारी गेले. विमानतळावर त्यांचं सामान काट्यावर अगदी जेवढं हवं तेवढंच भरलं आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू हे प्रशस्तिपत्र आपल्याला आयुष्यात मिळालेलं एकमेव आहे.

आता पाय माझ्याकडे असतात. रांग माझ्या घरी लागते. मी तळवे काढतो, मूळ कागदावर ठेवतो आणि भल्याभल्यांना मॉलला परत पाठवतो. माघारी मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. दर वर्षी गुंडाळी आली की आधी सत्तावीस काढतो आणि होल्डवरच्या बुटाचा तळवा त्यावर ठेवून बघतो. पहिल्या वर्षी अंतर राहिलं. ह्या वर्षीचा कागद आला, रिव्हिजन चार, आणि मी तळवा ठेवला. पायापुढे बरोबर अंगठाभर जागा उरली. दहाच्या रेघेवर पट्टी धरून पुन्हा मोजलं. बसला.

मी खोक्यातून बूट काढले, पुसायला म्हणून फडकं घेतलं, आणि उजव्या बुटाचा तळ माझ्या हातात आला. दुसऱ्याला नुसता अंगठा लावला तर काळा भुगा सतरंजीवर पडला. वरचं चामडं नव्यासारखं चमकत होतं. चार वर्षं दोह्याच्या उन्हाळ्यात खोक्यात बसून रबर आतल्या आत मेलं होतं.

मी चाचांना फोन लावला. मागे कोंबड्या ओरडत होत्या.

"चाचा, सत्तावीस पोचला. बसला."

"मास्टरवर मोजलं?"

"मास्टरवर, मूळ कागदावर. अंगठाभर सोडून."

"मग पाठवा की."

"तळ गेला. हातात भुगा आला."

पलीकडे त्यांनी कोंबड्या हाकलल्या. मग ते म्हणाले, "रबर. रबराचा विचार नाय केला मी. होल्डच्या मालाला मुदत लिहायची असते. माझी चूक. फायलीत लिहून ठेवा."

"तुमची कसली? मुळात मी—"

"तुमची वेगळी, माझी वेगळी. दोन्ही लिहा. आणि मॉल उघडा असेल ना आता?"

मी नाकारण्याची चिठ्ठी काढली. देणाऱ्याच्या जागी माझं नाव लिहिलं. कारणाच्या रकान्यात आधी 'तळ खराब' असं लिहिलं. ते खरंच होतं. तरी ते खोडलं. खाली चाचांची चूक लिहिली, मुदत घातली नाही म्हणून. त्याच्या वर, आधी घडलेलं म्हणून, माझी लिहिली.

मुलगा पाणी प्यायला आला होता. आता तो माझ्या खांद्याला लागतो. त्याला मराठी कळतं, वाचताना मात्र चाचपडतो. माझ्या मागे उभा राहून तो एकेक अक्षर लावत गेला. "ड्रॉइंग... सत्तावीसचं... नव्हतं. माझ्या... मुलाचं... होतं." तो थांबला. "दॅट्स मी?"

"हो."

"द टिकलिंग थिंग? यू सेड इट वॉज अ प्रोजेक्ट."

"खोटं बोललो होतो," मी म्हणालो.

त्याने बुटांकडे बघितलं, मग सतरंजीवरच्या भुग्याकडे. 'इट्स ओके' असं तो एरवी कशालाही म्हणतो. ते तो म्हणाला नाही. मी मॉलला जायला गाडीची किल्ली उचलली, तसा तो चपला घालत म्हणाला, "आय विल कम."

गाडीत त्याने सत्तावीसचा कागद मांडीवर सपाट धरला होता, घडी पडू नये म्हणून दोन्ही हातांनी. असं धरायचं हे मी त्याला सांगितलं नव्हतं. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तो कागदाच्या कोपऱ्यातला शिक्का निरखत होता.

"बाबा," तो म्हणाला, "आर यू शुअर दिस इज द लेटेस्ट वन?"